सत्तावीस नंबरची पोथी

बऱ्हाटेंनी भांडारातल्या जाळीच्या पिंजऱ्याचं कुलूप उघडलं तेव्हा आतून एक पाल आणि चोवीस वर्षांची धूळ एकदमच बाहेर आली.

"घ्या ताई, हा तुमचा आरोपी," ते म्हणाले. "रजिस्टरात सही करा आधी. केंद्र बंद पडून तीन वर्षं झाली, पण रजिस्टर चालू आहे."

निंबखेडा औष्णिक वीज केंद्राचे बऱ्हाटे हे शेवटचे भांडारपाल. चिमण्या पाडून झाल्या होत्या, कोळशाच्या मैदानावर सोलरचे पत्रे अंथरून झाले होते. उरलं होतं ते भंगार, आणि भंगारावर नजर ठेवायला बऱ्हाटे. पिंजऱ्याच्या कोपऱ्यात कमरेइतक्या उंचीचा एक लोखंडी डबा उभा होता. त्याच्या कानाला 'पुरावा' अशी पिवळी पडलेली चिठ्ठी, आणि अंगावर पांढऱ्या रंगात २७.

योगिता त्याच्याकडे नुसती बघत राहिली. ज्या घरात ती सून म्हणून आली, ते घर ती यायच्या आधीच या डब्यानं मोडून ठेवलं होतं. डबा मात्र तसाच्या तसा होता. मेल्याला गंजसुद्धा चढला नव्हता.

बाहेरच्या माणसाला वाटतं, कारखान्यातले नळ भिंतीला खिळल्यासारखे घट्ट बसवलेले असतात. तसं नसतं. बॉयलरपासून टर्बाइनपर्यंत जाणारा वाफेचा नळ सव्वापाचशे अंशांपेक्षा जास्त तापतो, आणि लोखंड तापलं की वाढतं. तीस मीटरचा नळ चांगला वीतभर लांब होतो. त्याला जर कुणी घट्ट धरून ठेवलं, तर तो धरणाऱ्याला तरी मोडतो नाहीतर स्वतः मोडतो. म्हणून त्याला लोखंडी डब्यांत बसवलेल्या स्प्रिंगांवर टांगतात. नळाचं ओझं स्प्रिंग उचलते, आणि नळ खाली सरकला की तीही त्याच्याबरोबर सरकते. ओझं धरायचं पण अडवायचं नाही, ही कला माणसांपेक्षा स्प्रिंगांना जास्त चांगली जमते, असं योगिताचं मत होतं.

पण या स्प्रिंगलाही कधीकधी बांधून ठेवावं लागतं. दुरुस्तीनंतर नळात पाणी भरून चाचणी घेतात, तेव्हा पाण्याच्या वजनानं स्प्रिंग चेपू नये म्हणून डब्यात एक लाल पिन घालतात. चाचणी झाली की पिन काढायची आणि डब्याच्याच कानाला तारेनं लटकवून ठेवायची, म्हणजे पुढच्या वर्षी शोधाशोध नको. पिन काढायची राहिली, तर ती स्प्रिंग राहत नाही, नुसता खांब होतो. नळ तापतो, खाली यायला बघतो, खांब हलत नाही. मग सगळा जोर जवळच्या वेल्डवर, म्हणजे नळाच्या सांध्यावर जातो.

चोवीस वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, दुरुस्तीनंतर नळात पहिल्यांदा वाफ सोडली तेव्हा, सत्तावीस नंबरच्या स्प्रिंगजवळचा वेल्ड असाच फाटला. इतकी तापलेली वाफ डोळ्यांना दिसतसुद्धा नाही, नुसती किंकाळी ऐकू येते. तिथून चालला होता देविदास तायडे, घरातला देवा, वय सव्वीस, ऑपरेटर. सत्तावीसमध्ये पिन सापडली. कागदावर लिहिलं होतं, '२७ – पिन काढली', आणि खाली सही होती हेडफिटर सुपडू तायडे यांची.

सुपडू तायडे, म्हणजे अण्णा. देविदासचे वडील.

चौकशीनं सात ओळींत निकाल दिला: पिन न काढताच सही केली. अण्णांनी एका ओळीलाही हरकत घेतली नाही. "एक्केचाळीस पिना होत्या," ते म्हणायचे. "चाळीस काढल्याचं आठवतं. सत्तावीसवी आठवत नाही. म्हणजे नसेलच काढली." तीन वर्षांत त्यांची बायको गेली. धाकटा मुलगा हेमराज घर सोडून गेला नाही, पण बापाशी बोलला नाही. त्या दिवसापासून आजतागायत एक शब्द नाही.

योगिता तेव्हा वीस वर्षांची होती. आयटीआय करून अण्णांच्या टोळीत आली त्याला जेमतेम तीन आठवडे झाले होते. सगळ्यांनी अण्णांकडे पाठ फिरवली तेव्हा ही जेवणाचा डबा घेऊन त्यांच्या दारात जायची. दोन वर्षांनी त्याच दारातून माप ओलांडून आत गेली. घर अण्णांचं, राग हेमराजचा आणि स्वयंपाक योगिताचा, असा तो संसार. "त्यांना सांग, भाजी संपली असेल तर आहे अजून," हेमराज म्हणायचा. "त्याला सांग, पुरे," अण्णा म्हणायचे. मधे अडीच फुटांचं टेबल.

आणि मग सहा वर्षांपूर्वी 'पोथी' आली.

यंत्राचं खरं नाव होतं भार-इतिहास-वाचक. फिटर लोकांना एवढं लांबलचक नाव घ्यायला वेळ कुठे? स्प्रिंगला चार चकत्या चिकटवायच्या आणि ती आपली कर्मकहाणी सांगते, म्हणून पोथी. पोलादाच्या आत बारीक कण असतात, आणि प्रत्येक कणात इवल्या इवल्या चुंबकांचे, शेतात असतात तसे वाफे. ओझं पडलं की वाफ्यांचे बांध सरकतात, ओझं उतरलं की परत येतात. पण सगळे येत नाहीत. थोडे तिथेच अडकतात. तो व्रण पुसला जात नाही, पुढचा व्रण त्याच्यावर बसतो. पोलाद किती दमलंय हे पूर्वीही कळायचं. पोथीनं व्रणांचा क्रम लावायला शिकवलं. दिवसा नळ उन्हानं केसभर वाढतो, रात्री आखडतो. झाडाला वर्षाला एक वलय, तसं स्प्रिंगला दिवसाला एक. वलयं मोजत मागे जा, तारीख सापडते.

जगात गडबड उडाली. पूल बोलू लागले, लिफ्टा बोलू लागल्या. एका वकिलानं झोपाळ्याची स्प्रिंग वाचून घटस्फोट मिळवून दिला अशी बातमी होती. खरी-खोटी तो वकील जाणे. लोकांनी पोलादी पलंग मोडीत घालून लाकडाचे घेतले. योगिता मात्र चाळिशीला टेकली असतानाही हट्टानं ते यंत्र शिकली. यंत्र नुसती रेघ काढतं. त्या रेघेचा अर्थ लावून खाली सही करणारा लागतो, त्याला 'वाचक' म्हणतात. खानदेशात असे वाचक तिघं, त्यातली एक ही.

भंगारात जाण्याआधी जुन्या स्प्रिंगा वाचायचं काम निघालं, तेव्हा तिनं पोळ्या लाटतालाटता विषय काढला.

"अहो, सत्तावीस नंबर अजून भांडारात आहे."

हेमराज पेपर वाचत होता. "मग?"

"वाचते."

"काय मिळणार? पिन होती आत. सगळ्यांनी बघितली."

"आणि काढलेली होती असं निघालं तर?"

त्यानं पेपर खाली ठेवला. "तसं निघालं, तर मी स्वतः जाऊन त्यांच्या पायावर डोकं ठेवीन. लिहून देऊ का?" मग जरा थांबून हळू आवाजात म्हणाला, "नाही निघालं, तर मात्र हा विषय परत काढू नको. मला परत परत नाही जमणार ते."

म्हणून आज ती पिंजऱ्यात होती.

चकत्या बसवल्या. पडद्यावर रेघ शेवटाकडून उलटी चालू लागली. भांडारातल्या ओझ्याविना कोऱ्या वर्षांच्या मागे एक अक्राळविक्राळ दातेरी सुळका. तो स्फोट. तिनं एकदा डोळे मिटून घेतले. त्याच्या मागे रेघ सपाट होती. मुकी. पिन घातलेल्या स्प्रिंगपर्यंत नळाचा श्वास पोचत नाही, म्हणून वलयंही पडत नाहीत. यंत्र पोलादात उरलेल्या गरम-थंडाच्या खुणांवरून नुसते तास मोजत राहतं. एक दिवस मुका. दुसरा दिवस मुका. होतीच म्हणजे पिन.

आणि तिसऱ्या दिवशी सकाळी रेघ जिवंत होती.

हलकी, एकसारखी लाट. रात्र, दिवस, रात्र, दिवस. नऊ वलयं. त्याच्याही मागे परत सपाट, ती पाण्याची चाचणी. म्हणजे चाचणीला पिन घातली, मग काढली, नऊ दिवस स्प्रिंग मोकळी होती, आणि नंतर…

तिच्या तोंडून अशी किंकाळी निघाली की बऱ्हाटे हातातला चहा सांडत आले.

"शॉक बसला का ताई?"

"काढली होती! अण्णांनी काढली होती हो पिन!" ती एकाच वेळी हसत आणि रडत होती. "नऊ दिवस मोकळी होती. हे बघा, हे बघा ना!"

बऱ्हाटेंना रेघेत काय कळणार? पण ते मटकन स्टुलावर बसले. "अरे देवा," ते म्हणाले. "त्या माणसाला चोवीस वर्षं आम्ही राम राम घातला नाही." मग थोड्या वेळानं, भांडारपालाच्या स्वभावाप्रमाणे, त्यांनी हिशेबातली तूट काढली. "मग परत घातली कोणी?"

रेघ मुकी होण्याच्या ऐन आधी एक छोटा उंचवटा होता. तीन मिनिटांचा. कुणीतरी नळावर उभं राहिलं होतं, कारण पिनेचं भोक डब्याच्या पलीकडल्या अंगाला असतं आणि नळावर चढल्याशिवाय हात पोचत नाही. योगिताला असा संताप आला की कान तापले. "सापडशील," ती त्या उंचवट्याला म्हणाली. "आता कुठे जाशील?"

नळावरच्या माणसाचं वजन एकाच स्प्रिंगवर येत नाही, शेजारणीही वाटा उचलतात. सव्वीस आणि अठ्ठावीस नंबर अजून वर सांगाड्यावर लटकत होत्या. तिनं पोथी खांद्यावर टाकली आणि शिडी चढली. दुपारपर्यंत दोन्ही वाचून झाल्या. तीच सकाळ, तीच तीन मिनिटं. सव्वीसवर अकरा किलो. अठ्ठावीसवर नऊ. सत्तावीसवर तेवीस.

तिनं बेरीज केली. त्रेचाळीस.

चूक असणार म्हणून तिनं चकत्या पुसून परत लावल्या. त्रेचाळीस. त्रेचाळीस किलोचा फिटर असतो का कुठे? अण्णा तेव्हा पंच्याऐंशी किलोचे. टोळीतला सगळ्यात हडकुळा माणूस साठाच्या वर. वानर असेल, असं तिच्या मनात आलं. केंद्रात वानरं फार. पण वानर एवढं जड नसतं, आणि वानर पिन कशाला घालेल?

ती आज अडुसष्ट किलोची होती, म्हणून कळायला एवढा वेळ लागला.

भरतीच्या वेळी कंपनीच्या डॉक्टरांनी कार्डावर लिहिलं होतं: वजन ४३, खाणं वाढवा.

योगितानं शिडी दोन्ही हातांनी धरली. खाली जमीन होती, वर आकाश होतं, सगळं आपापल्या जागी होतं. आणि मग तो सगळा दिवस, इतकी वर्षं कुठे बसला होता कोण जाणे, रंगांसकट समोर उभा राहिला. खंडेनवमी, दसऱ्याचा आदला दिवस. वर्कशॉपमध्ये सतरंजीवर ओळीनं मांडलेले पाने, हातोड्या, झेंडूच्या माळा. अण्णा म्हणाले होते, "पोरी, हत्यारं गोळा करून आण. आज त्यांचा मान." ही उत्साहानं वरपर्यंत गेली. एका डब्याच्या कानाला लाल पिन लटकत होती, अगदी कुंकू लावल्यासारखी. तिनं ओढली तशी तार तुटली. सतरंजीवर ठेवून पिनेला हळद वाहिली, झेंडूची पाकळी वाहिली. आरती झाली, पेढे वाटले आणि अण्णांनी टाळी वाजवून सांगितलं, "चला, ज्याची वस्तू त्याला. जागच्या जागी गेली पाहिजे."

ती परत वर गेली. लटकवायला तार नव्हती. पण डब्याला एक भोक होतं. बरोबर पिनेच्या मापाचं.

पिन कशासाठी असते हे तोवर तिला कुणीही सांगितलं नव्हतं. तीन आठवडे तिच्याकडून नुसतं फडकं मारून घेतलं होतं. वस्तूची जागा तिला दिसली आणि देव बसवावा तशी तिनं ती बसवली. वरून नमस्कारही केला.

पुढे ती शिकली, स्प्रिंगांत नावाजली, शेकडो पिना स्वतः काढल्या. पण जो तो म्हणत होता की सत्तावीसची पिन निघालीच नव्हती. जी निघालीच नाही ती आपण घातली कशी असेल? त्या सकाळची पूजा तिला आठवत होती, पेढे आठवत होते. मधली तीन मिनिटं तिनं कधी उघडून बघितलीच नव्हती.

बस सोडून ती चालत घरी निघाली. चार किलोमीटर. रस्त्यात तिनं ठरवलं: अर्धंच सांगायचं. अण्णांनी पिन काढली होती, हे तर खरंच आहे. घातली कोणी, ते कळत नाही. रेघ तिच्याशिवाय कोण वाचणार? एक घर चोवीस वर्षांनी जुळत असेल तर वाचकानं एखादी ओळ गाळली म्हणून काय बिघडलं?

घरी अण्णा ओसरीवर लसूण सोलत होते. हेमराज नुकताच कामावरून आला होता, बूटही काढले नव्हते.

"काय निघालं?" त्यानं विचारलं.

"काढली होती," योगिता म्हणाली. "चाचणी झाल्यावर लगेच. नऊ दिवस स्प्रिंग मोकळी होती. अण्णा, तुम्ही काढली होती पिन."

अण्णांच्या हातातली पाकळी खाली पडली. ब्याऐंशी वर्षांचा तो माणूस हळूच म्हणाला, "काढली होती मी?"

"हो."

"सत्तावीसची?"

"सत्तावीसचीच."

"मी काढली होती," त्यांनी स्वतःला सांगितलं. मग भिंतीला सांगितलं, मग लसणीला. "काढली होती ना मी! अरे, मी काढली होती!" शाळेत पहिला नंबर आल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. हेमराज बूट घालूनच त्यांच्यापुढे बसला आणि खरोखरच त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्याची पाठ गदगदा हलत होती. "अण्णा," तो म्हणाला. "अण्णा. अण्णा." साठवलेले सगळे एकदम काढत होता.

योगिता दाराच्या चौकटीला धरून उभी होती. एवढ्यासाठीच ती जगली होती, आणि आता तिला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

पण अण्णा जातीचे फिटर. आनंद ओसरायच्या आतच डोकं चालू झालं. "नऊ दिवस मोकळी, म्हणजे खंडेनवमीला घातली," ते बोटं मोजत म्हणाले. "त्या दिवशी वर कोण होतं? झुंबर! झुंबर रंगारी वर रंग मारू राहिला होता!"

"कोण, बसस्टँडमागचा झुंबरकाका?" हेमराजनं मान वर केली. डोळे अजून ओले होते, पण त्यात दुसरंच काहीतरी पेटलं होतं.

"तोच! रंग मारताना मधे येते म्हणून घातली असेल हरामखोरानं आणि गेला निघून. माझ्या देवाच्या तेराव्याला जेवून गेला माझ्या घरी!"

"चला," हेमराज उठला. "आत्ताच्या आत्ता विचारू त्याला. अख्ख्या गल्लीपुढं विचारू."

झुंबर रंगारी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता. नातीला शाळेत पोचवायचा, संध्याकाळी मारुतीच्या पारावर बसायचा. अण्णा चपला शोधू लागले. चोवीस वर्षं जे ओझं त्यांच्या मानेवर होतं, ते उचलून दुसऱ्या म्हाताऱ्याच्या मानेवर ठेवायला बापलेक पहिल्यांदाच जोडीनं निघाले होते.

"थांबा," योगिता म्हणाली.

"तू चहा ठेव, आम्ही आलोच."

"झुंबरकाकांनी नाही घातली. तीन स्प्रिंगा वाचल्या मी. जो माणूस वर चढला त्याचं वजन त्रेचाळीस किलो होतं."

"त्रेचाळीस?" हेमराज हसला. "टोळीत लहान पोरं होती का?"

"एक होती," ती म्हणाली.

अण्णांची एक चप्पल पायात, एक हातात. त्यांना आधी कळलं. 'फुंकर मारली तर उडशील' म्हणून तेच तिला चिडवायचे.

"पूजेला आणली होती मी ती," योगिता म्हणाली. आवाज तिचाच होता, पण कुणीतरी दुसरंच बोलत असल्यासारखा ऐकू येत होता. "तार तुटली. तुम्ही म्हणालात, जागच्या जागी ठेव. मला ते भोक तिची जागा वाटली. मीच घातली अण्णा. देविदासभाऊजींना मी…"

हेमराज तिच्याकडे बघत होता. बावीस वर्षांच्या संसारात त्यानं तिला रागानं, कौतुकानं, कंटाळून, सगळ्या तऱ्हांनी बघितलं होतं. असं कधी बघितलं नव्हतं. रस्त्यात अनोळखी माणसानं अंगाला हात लावावा, तसं. तो वळला आणि फाटकाकडे चालू लागला.

"हेमराज, कुठं निघाला?" अण्णांनी हाक मारली.

"येतो, अण्णा," तो म्हणाला. तिच्याकडे न बघता.

फाटक वाजलं. ओसरीवर दोघंच उरली. अण्णा खाली बसले.

"ठोकावी लागली का?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"पिन. घालताना हातोडी लागली का? का हातानं गेली?"

"हातानं. सुईत दोरा जावा तशी."

अण्णांनी मान हलवली. "ओझं बरोबर बसवलेलं असलं तरच जाते तशी. केसभर इकडंतिकडं असतं ना, तर घुसलीच नसती. माझ्याइतकं बरोबर कुणीच बसवत नव्हतं." त्यांनी हातातली चप्पल खाली ठेवली. "पिन कशाला असते, हे मी तुला सांगितलं नव्हतं?"

"नाही."

"तीन आठवडे होतीस तू."

"फडकं मारत होते."

बाहेरून कुणाची तरी सायकल गेली. अण्णांनी डोळे पुसले नाहीत, पाणी तसंच वाहू दिलं. ती पुढं सरकली तसा त्यांनी हात वर केला. तळवा तिच्याकडे करून, सांगाड्यावर काम थांबवायची खूण करायचे तसा.

"आज नको," ते म्हणाले. "आज मला तुझं तोंड बघवणार नाही पोरी. माझा देवा होता तो."

"हो अण्णा."

"आत जा."

ती वळली. उंबऱ्यापाशी पोचली तेव्हा मागून त्यांचा आवाज आला. भसाडा, घाबरलेला.

"उद्या सकाळी चहा घेऊन ये. ऐकलंस? उद्याच. काहीही झालं तरी ये. मी बोललो नाही तरी उभी राहा, मी बोलेपर्यंत जाऊ नको. या घरात एकदा तोंड मिटलं की उघडायला चोवीस वर्षं लागतात, आणि तेवढी माझ्यापाशी नाहीत आता."